सीपॅप रोज लावूनही थकवा परत येतोय? दाब वाढवून मागण्याआधी हे तपासा

झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं, म्हणजे स्लीप ॲप्नियाचं, निदान झालं, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी आलं, रोज रात्री मास्क लावून झोपणंही अंगवळणी पडलं. तरी सकाळी उठताना डोकं जड. दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात, वाचलेलं पान लक्षात राहत नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड होते. काहींना सुरुवातीचे आठवडे फार बरं वाटतं आणि मग जुना थकवा हळूहळू परत येतो. काहीतरी बदल केला की जातो, काही महिन्यांनी पुन्हा हजर.

या टप्प्यावर माणसं सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. डॉक्टरांकडे जाऊन दाब वाढवून मागतात, नाहीतर ‘हे आपल्याला लागू पडत नाही’ म्हणून मशीन कपाटात ठेवून देतात. कपाटात गेलेलं मशीन पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तो उपचार त्या माणसापर्यंत धड पोचलेलाच नसतो. हवा कुठून तरी निसटत असते, किंवा रात्रीचा सगळ्यात धोक्याचा भाग मशीनशिवाय जात असतो.

मी हे मशीन वापरणारा रुग्ण आहे, डॉक्टर नाही. पण शोध घेण्याचा एक क्रम मला ठामपणे सांगावासा वाटतो: आधी तास, मग गळती, मग नाक, मग मान आणि उशी, आणि दाब सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलटे जातात आणि म्हणून त्याच जागी परत परत येऊन पोचतात.

मशीन नेमकं काय करतं

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, जबडा मागे आहे किंवा मानेभोवती चरबी वाढली आहे, त्यांची जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून हवेची वाट बंद होते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठरतात आणि मोठ्याने घोरून श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो ॲप्निया, तेवढाच वेळ बराच कमी झाला तर हायपोप्निया. तासाला अशा सरासरी किती घटना झाल्या तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत हलक्या दाबाची हवा देण्याचा हा उपाय १९८१ साली प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजार असलेल्यांना गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यावाचून खात्रीचा इलाज नव्हता. हवेचा दाब घशाला आतून टेकू देतो, एवढंच हे मशीन करतं. टेकू असेपर्यंत वाट उघडी राहते, काढला की लगेच मिटायला लागते. त्यामुळे प्रश्न दोनच उरतात: दाब घशापर्यंत पोचतोय का, आणि पूर्ण झोपभर पोचतोय का?

आधी तास बघा

मशीनच्या पडद्यावर किंवा त्याच्या ॲपमध्ये रात्रीचे वापराचे तास दिसतात. किमान ४ तास वापर झाला की ‘चाललंय ठीक’ असा समज फार पसरलेला आहे. हा ४ तासांचा आकडा प्रामुख्याने अमेरिकेतल्या विम्याच्या नियमामुळे रूढ झाला: सलग ३० दिवसांतल्या ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर दिसला तर मशीनचा खर्च मान्य. पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवण्यासाठी तो सोयीचा आहे. तुमच्या मेंदूला मात्र झोपेचे सातही तास श्वास हवा असतो.

यामागे एक महत्त्वाचं कारण आहे आणि ते फार कमी जणांना कोणी समजावून सांगतं. स्वप्नं पडतात ती रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात. या झोपेत डोळे आणि श्वासपटल सोडलं तर शरीराचे बहुतेक स्नायू जवळजवळ लुळे असतात. घशाचेही. त्यामुळे रेम झोपेत श्वास जास्त वेळ अडकतो आणि ऑक्सिजन जास्त खाली जातो. आता विचार करा: रात्री ११ ला मास्क लावला, ३ ला झोपेतच काढून टाकला आणि ६ पर्यंत तसंच झोपलात. रात्रीचा सोपा भाग मशीनने सांभाळला आणि अवघड भाग तुमच्या घशावर सोडून दिला.

आणि सकाळी अहवाल काय सांगतो? एएचआय २. उत्तम! पण तो आकडा फक्त मास्क तोंडावर होता त्या ४ तासांचा आहे. उरलेल्या ३ तासांत काय झालं हे मशीनला कळायला मार्गच नाही. ‘आकडे चांगले आहेत तरी थकवा आहे’ असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा वापराची वेळ विचारतो: किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मध्ये किती वेळा खंड.

झोपेत मास्क काढला जातो त्याला इच्छाशक्तीचा दोष देऊ नका. झोपलेला माणूस मास्क काढतो तेव्हा त्याला काहीतरी टोचत असतं: हवा डोळ्यांत जात असते, नाक चोंदलेलं असतं, घसा कोरडा पडलेला असतो, किंवा दाब अपुरा पडून श्वास अडकलेला असतो. कारण पुढच्या भागांत सापडेल. तोवर दोन गोष्टी करून बघा. बऱ्याच मशीनमध्ये मास्क सुटल्याचा इशारा देणारी सोय असते, ती चालू करा. आणि लघवीला उठलात तर मास्क न काढता फक्त नळी सांध्यापाशी वेगळी करा. एकदा मास्क पूर्ण काढला की अर्धवट झोपेत तो परत लावणं जिवावर येतं.

मास्क लावल्यावर जीव घुसमटतो त्यांनी दिवसा सराव करावा. आधी मशीनशिवाय नुसता मास्क लावून बसायचं, मग हवा चालू करून वाचत किंवा टीव्ही बघत बसायचं, वेळ थोडा थोडा वाढवायचा. झोपायचं दडपण नसताना शरीर हे लवकर स्वीकारतं.

एक गोष्ट उघड आहे तरी लिहितो. मुळात साडेपाच तासच अंथरुणात असाल तर कोणतंही मशीन त्याचे साडेसात तास करू शकणार नाही.

गळती: माझ्या मते बहुतेकांचं उत्तर इथे आहे

मास्कला बारीक छिद्रं असतात. त्यातून सतत हवा बाहेर जाते, ती जायलाच हवी. तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. त्या छिद्रांवर कधीही चिकटपट्टी लावू नका, कितीही आवाज येत असला तरी. प्रश्न आहे तो मास्कच्या कडेने किंवा तोंडातून निसटणाऱ्या हवेचा. ती जास्त झाली की घशातला दाब पडतो आणि टेकू सुटतो. शिवाय श्वास अडकला की नाही हे मशीनला नीट मोजताच येत नाही. म्हणजे मोठ्या गळतीच्या रात्री एएचआयचा आकडा चांगला आला तरी त्यावर विसंबू नका.

आकडे वाचताना मशीनची कंपनी बघा. रेसमेडची मशीन छिद्रांतून जाणारी अपेक्षित हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटर ही त्यांची धोक्याची रेषा आहे. फिलिप्सची बरीच मशीन एकूण हवा दाखवतात, त्यामुळे तिथला आकडा मुळातच मोठा दिसतो. एकाचा आकडा दुसऱ्याच्या रेषेशी जुळवू नका. रात्रभराचा आलेख बघायला मिळाला तर सर्वात चांगलं. मशीनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ‘ऑस्कर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर हा आलेख उलगडून दाखवतं. सरासरी आकडा फसवा असतो. रात्रभर शांत रेषा आणि पहाटे ४ नंतर एकदम उंच डोंगर, अशी रात्र सरासरीत ठीकठाक दिसते.

मास्कच्या कडेने गळत असेल तर पट्टे आवळू नका. हा सल्ला उलटा वाटेल, पण सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्यावर तरंगली तरच ती बंद होते. पट्टे करकचून ओढले की कड दुमडते, एका बाजूला फट पडते, मग माणूस आणखी आवळतो आणि नाकाच्या हाडावर जखम होते. योग्य पद्धत अशी: रात्री ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर आडवं व्हा, मशीन चालू करा, सगळे पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून अलगद परत टेकवा, म्हणजे कड उलगडते. आता गळती थांबेल इतपतच पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा. बसून, मशीन बंद असताना बसवलेला मास्क आडवं झाल्यावर बसत नाही, कारण आडवं झालं की गाल आणि जबड्याचा आकार बदलतो. बऱ्याच मशीनमध्ये मास्क बसला की नाही हे तपासण्याची वेगळी सोय असते, ती काही सेकंद पूर्ण दाबाने हवा देते. ती वापरा.

चेहऱ्यावरचं तेल आणि क्रीम सिलिकॉनला घसरवतात. झोपण्याआधी चेहरा धुवा, रात्रीची क्रीम लावायचीच असेल तर मास्कची कड टेकते तेवढी जागा सोडा. मास्कची कड रोज ओल्या कपड्याने पुसा किंवा सौम्य साबणाने धुवा. दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क सहसा सोपा जातो.

आता ‘परत परत’चं मुख्य कारण. मास्कची कड ही झिजणारी वस्तू आहे. काही महिन्यांत सिलिकॉन मऊ पडतं, पट्ट्यांचं ताणलेपण जातं. हे इतकं हळू होतं की रोजच्या रोज फरक कळत नाही, फक्त पट्टा एक एक खूण आत जात राहतो. म्हणून नवा मास्क घेतल्यावर बरं वाटणं, काही महिन्यांनी बिघडणं, पुन्हा नवा मास्क, पुन्हा बरं, असं चक्र दिसतं. यात आजार वाढलेला नसतो. नवी कड लावल्याची तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी थकवा आला की आधी ती तारीख बघा.

तोंडातून होणारी गळती वेगळी. नाकाचा मास्क असताना झोपेत जबडा खाली आला की नाकातून गेलेली हवा तोंडातून बाहेर पडते. खूण ठरलेली: सकाळी तोंड लाकडासारखं कोरडं, जीभ टाळूला चिकटलेली, आणि मास्कच्या कडेला मात्र कुठेही फट नाही. इथे एक दुष्टचक्र आहे. तोंडातून हवा जात राहिली की नाकातून एकाच दिशेने कोरडी हवा वाहत राहते, नाकाचं अस्तर सुजतं, नाक चोंदतं, मग तोंड आणखी उघडतं. म्हणून पहिला उपाय नाकाचा आणि हवेतल्या ओलाव्याचा. हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, काहींना अजिबात नाही. तो जबडा मागे ओढत असेल तर उलट त्रास वाढतो. ओठांवर पट्टी चिकटवण्याची टूम सध्या फार चालली आहे. नाक चोंदत असेल, रात्री आंबट पाणी वर येत असेल, उलटीची शक्यता असेल, तर ते करू नका, आणि करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क हा अनेकांना सरळ उपाय वाटतो. ज्यांचं नाक खरोखरच चालत नाही त्यांना तो लागतोच. पण त्याचे पट्टे खालचा जबडा मागे ढकलू शकतात आणि जबड्याबरोबर जीभही मागे जाते. अशा मास्कवर दाब जास्त लागतो आणि उरलेल्या घटनाही जास्त दिसतात असा अनुभव संशोधनातही नोंदलेला आहे. नाकाचा मास्क जमत असेल तर तोच धरून ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नळीकडेही लक्ष द्या. कूस बदलली की नळी मास्कला ओढते. ती डोक्याच्या वरून घेऊन पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला अडकवली तर हा ओढा जातो. एका कुशीवरच गळत असेल तर उशी मास्कला ढकलते आहे का बघा. चेहरा उशीच्या काठाबाहेर येईल असं झोपून पाहा.

आणखी एक सूचना, गळतीशी संबंध नसलेली पण मास्कचीच. काही मास्कच्या खुंट्यांमध्ये चुंबक असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर, मेंदूतली धातूची क्लिप किंवा असं काही उपकरण बसवलेलं असेल तर चुंबक नसलेला मास्क मागा.

नाक

नाक बंद असेल तर वरचे सगळे प्रयत्न वाया जातात. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा बऱ्याच जणांना फायदा होतो; त्यासाठी पाणी उकळून गार केलेलं किंवा शुद्ध केलेलंच वापरा, नळाचं थेट नको. ॲलर्जी असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा नाकातला फवारा देतात. तो पहिल्या रात्री जादू करत नाही, काही दिवस ते दोन-तीन आठवडे नियमित घ्यावा लागतो. नाक चटकन मोकळं करणारे थेंब मात्र सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यांची सवय लागते आणि थेंब बंद केले की नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं.

ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनच्या हवेत ओलावा मिसळणारं पाण्याचं भांडं, बंद ठेवणारे लोक भेटतात, कारण नळीत पाणी साचून तोंडावर शिंतोडे उडतात. खोली गार असली की नळीतली ओली हवा थंड होऊन पाणी धरते. त्यावर ओलावा बंद करणं हा उपाय नाही. तापणारी नळी वापरा, ती नसेल तर नळीला कापडी वेष्टण घाला, आणि मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी मशीनकडे परत जाईल. भांड्यात डिस्टिल्ड पाणी घाला, रोज बदला. ऋतू बदलला की ओलाव्याचं माप बदलावं लागतं. ‘मागच्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं’ या तक्रारीमागे हे कारण बऱ्याचदा निघतं.

नाकाचा पडदा फारच वाकडा असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. एकट्या त्या शस्त्रक्रियेने ॲप्निया सहसा जात नाही, पण मशीन सोसणं सोपं होतं आणि कधी लागणारा दाबही कमी होतो.

मान, उशी आणि रात्रीचं पेय

गळती नाही, नाक मोकळं आहे, तास भरपूर आहेत, तरी आलेखात घटनांचे घोस दिसतात: अर्धा तास एकामागून एक श्वास अडकतोय, मग तासभर काही नाही. अशा वेळी मला आधी मानेचा संशय येतो. उंच उशीवर हनुवटी छातीकडे झुकली की घसा मध्येच मुडपतो आणि तो मुडपलेला घसा दाबानेही नीट उघडत नाही. मशीन आपोआप दाब बदलणारं असेल तर ते दाब वाढवत नेतं, जास्त दाबाने गळती सुरू होते, झोप मोडते. उशी बारीक करून बघा. काही जण मऊ गळपट्टी घालून हनुवटी खाली येऊ देत नाहीत.

पाठीवर झोपलं की जीभ आणि टाळू वजनाने मागे पडतात, त्यामुळे अनेकांचा आजार पाठीवर दुप्पट होतो. कुशीवर झोपायची सवय मशीनची जागा घेत नाही, पण मशीनचं काम हलकं करते.

दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि जागं होण्याची मेंदूची प्रतिक्रिया मंद करते. झोपेच्या काही गोळ्या आणि अफूवर्गातली वेदनाशामकं हेच करतात. थकवा ठरावीक रात्रींनंतरच येत असेल तर त्या रात्रींची नोंद ठेवा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, फक्त त्या घेत असल्याचं झोपेच्या डॉक्टरांना नक्की सांगा.

आता दाब

मशीन सहसा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याएवढा दाब देऊ शकतं. आपोआप दाब बदलणारं मशीन कितीतरी वेळा कारखान्यातून आलेल्या याच मोकळ्या मर्यादेवर सोडून दिलेलं असतं. किमान दाब ४ वर असेल तर दोन त्रास होतात. मोठ्या माणसाला ४ वर हवा पुरत नाही, गुदमरल्यासारखं होतं. आणि रेम झोपेत घसा अचानक मिटतो तेव्हा मशीन ४ वरून हळूहळू वर चढेपर्यंत बऱ्याच घटना होऊन गेलेल्या असतात. अहवालात ‘९५ टक्के वेळ दाब याच्या खाली होता’ असा एक आकडा असतो. तो ११ असेल आणि किमान ४ असेल, तर किमान दाब वर आणण्याबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात अर्थ आहे. झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवणारी जी सोय असते, ती ४५ मिनिटांवर ठेवलेली असेल आणि तुम्ही दहा मिनिटांत झोपत असाल, तर उरलेला वेळ अपुऱ्या दाबात जातो. ती कमी करा.

श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोयही असते. सुखाची आहे, पण दाब उतरतो म्हणजे टेकूही थोडा उतरतो. ती चालू केल्यावर एएचआय वाढला तर कारण तिथेच शोधा.

दाब आंधळेपणाने का वाढवायचा नाही याचं सर्वात मोठं कारण असं की सगळ्या घटना अडथळ्याच्या नसतात. घसा उघडा आहे, पण मेंदूनेच श्वासाचा आदेश दिला नाही, असाही ॲप्निया असतो. त्याला सेंट्रल म्हणतात आणि अहवालात तो वेगळा मोजलेला असतो. काही जणांना सीपॅप सुरू केल्यावर तो दिसू लागतो. पुष्कळांचा काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप कमी होतो. पण अशा माणसाचा दाब वाढवला तर या घटना वाढू शकतात. सेंट्रल घटना रोज बऱ्याच दिसत असतील तर स्वतः काही बदलू नका, अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा. हृदय कमकुवत असणाऱ्यांनी तर नक्कीच: अशा घटनांसाठी वापरलं जाणारं एएसव्ही हे वेगळं मशीन हृदयाची पंपक्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांना घातक ठरू शकतं, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

दाब जास्त झाल्याची घरगुती खूण म्हणजे सकाळी पोट फुगलेलं आणि ढेकरांवर ढेकर. हवा अन्ननलिकेत जाते. डाव्या कुशीवर झोपणं, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं आणि डॉक्टरांकडून वरची मर्यादा कमी करून घेणं, या क्रमाने जा.

दाब खरोखर बदलावा लागतो तो वजन बदललं की. लोकसंख्येवर केलेल्या एका जुन्या अमेरिकन अभ्यासात वजन १० टक्के घटलं तर एएचआय सुमारे २६ टक्के घटतो आणि १० टक्के वाढलं तर सुमारे ३२ टक्के वाढतो असं दिसलं होतं. थकवा परत आला आणि कपडेही घट्ट झाले असतील तर दोन्हींचा संबंध जोडा. वजन कमी करण्याचं टिर्झेपाटाइड हे इंजेक्शन डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठीही मंजूर केलं आहे. ते घेणाऱ्यांनीही वजन उतरल्यावर नव्याने तपासणी होईपर्यंत मशीन सोडू नये.

सगळं बरोबर आहे, तरी झोप येते

असं होतं, आणि ते खरं असतं. तुम्ही बहाणे करत नाही. मशीनचा एएचआय हा अंदाज आहे: तुम्ही झोपला आहात की जागे हे त्याला कळत नाही, रक्तातला ऑक्सिजनही बहुतेक मशीन मोजत नाहीत. म्हणून महिने उलटूनही झोप अनावर असेल तर मास्क लावूनच झोपेची पूर्ण तपासणी पुन्हा करून मागा.

त्याचबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्या. लोह कमी असेल तर रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात आणि झोप तुटत राहते. हे ॲप्नियाच्या सावलीत लपतं. नैराश्य, पाळीची नोकरी, ॲलर्जीच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या हीसुद्धा कारणं असतात. यातलं काहीच कारण नाही हे तपासून ठरल्यावरही उरणाऱ्या झोपेवर औषधं आहेत, ती झोपेचे डॉक्टरच ठरवतील.

दिवसाची झोप किती आहे हे मोजायला एपवर्थ नावाची सोपी प्रश्नावली आहे, ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३, एकूण २४ पैकी. १० च्या वर गेलं तर झोप जास्त आहे. ती दर महिन्याला भरून तारखेसह ठेवा. आणि गाडी चालवताना डोळे मिटत असतील तर कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

मशीन कितीही प्रयत्न करून जमलंच नाही तर वाटा संपत नाहीत. खालचा जबडा पुढे धरणारं दातांवरचं उपकरण सौम्य ते मध्यम आजारात चांगलं काम करतं. जिभेच्या मज्जातंतूला झोपेत चालना देणारं, शरीरात बसवायचं उपकरण निवडक रुग्णांना लागू पडतं. टॉन्सिल फार मोठे असतील तर शस्त्रक्रिया असते. यातलं काहीही केलं तरी नंतर झोपेची तपासणी करून फरक मोजून घ्या. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलं असं नाही.

डॉक्टरांकडे जाताना

‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितलं तर दाब एक-दोनने वाढतो आणि तुम्ही घरी येता. त्याऐवजी मशीनचं मेमरी कार्ड किंवा शेवटच्या महिन्याचा अहवाल घेऊन जा. त्यात हे विचारा: वापर किती वाजता तुटतो, गळती रात्रीच्या कोणत्या भागात वाढते, उरलेल्या घटना अडथळ्याच्या आहेत की सेंट्रल, आणि ९५ टक्क्यांचा दाब किमान दाबापासून किती दूर आहे. मास्कही पिशवीत घालून न्या आणि तिथे आडवं होऊन लावून दाखवा. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना ॲप्निया असल्याचं सांगा आणि मशीन सोबत न्या, भूल उतरताना घसा नेहमीपेक्षा जास्त सैल असतो.

घरी स्वतः बदल करताना एका वेळी एकच करा आणि निदान आठवडाभर तसाच ठेवा. एक रात्र वाईट गेली म्हणून काहीही सिद्ध होत नाही. उशी, मास्क आणि ओलावा एकाच रात्री बदलले तर बरं वाटल्यावरही कशाने वाटलं हे कळत नाही, आणि काही महिन्यांनी थकवा परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.